घोड्याचे चिलखत आणि पुरवणीचा भाव

गेल्या वर्षी मंडळाच्या आनंदमेळ्यात कूपनांच्या टेबलावर बसण्याची सेवा आमच्याकडे होती. रात्री आवराआवर करताना एक काका आले आणि म्हणाले, "वीस रुपयांची कूपने उरली, परत घेता का?" नियमाप्रमाणे आम्ही नाही म्हणालो. काका हसून म्हणाले, "म्हणजे साबुदाणावडा आम्हाला वीस रुपये जास्तच पडला." घरी आलो तर चिरंजीव वाट पाहत बसलेले. "बाबा, गेमचा एक डीएलसी घ्यायचाय." ज्या खेळाचे पैसे एकदा भरले, त्याचे पुन्हा कसले पैसे? या प्रश्नाचा माग काढताना जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवतो.

डीएलसी म्हणजे डाउनलोडेबल कंटेंट. विकत घेतलेल्या व्हिडिओ गेमला जोडण्यासाठी इंटरनेटवरून वेगळा मिळणारा भाग. आपण त्याला पुरवणी म्हणू.

आमच्या पिढीने पुरवणी पाहिली ती सीडीवर. 'एज ऑफ एम्पायर्स' हा खेळ १९९७ मध्ये आला आणि १९९८ मध्ये त्याची 'राइज ऑफ रोम' ही पुरवणी. दुसरा भाग १९९९ चा, त्याची 'द कॉन्करर्स' ही पुरवणी २००० ची. तीत पाच नवे लोकसमूह आणि नव्या मोहिमा होत्या. (आमच्या हाती आलेल्या सीड्या अस्सल नव्हत्या, हे आता कबूल करायला हरकत नाही.) तेव्हा पुरवणी विकायची तर सीडी छापा, खोका करा, दुकानापर्यंत पोचवा, दुकानदाराचा नफा सोडा. एवढ्या खर्चापुढे किरकोळ वस्तू विकणे परवडतच नसे. त्यामुळे पुरवणी भरीव असायची. कंपन्या फार सज्जन होत्या असे नव्हे, व्यवहारच तसा होता.

इंटरनेटने हा खर्च जवळजवळ पुसून टाकला. नोव्हेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० हे यंत्र बाजारात आले. त्याच्या ऑनलाइन दुकानात किंमत डॉलरमध्ये नसे, 'पॉइंट'मध्ये असे. ८० पॉइंट म्हणजे एक डॉलर. पॉइंट ठरावीक गठ्ठ्यांत घ्यायचे आणि उरले तर खात्यात पडून राहायचे. आमच्या कूपनांचे हे थोरले भावंडच. २०१३ मध्ये ही पद्धत बंद होऊन सरळ चलनात किमती आल्या.

या दुकानात एप्रिल २००६ मध्ये जे घडले, त्याची आठवण खेळाडू आजही काढतात. बेथेस्डा कंपनीने 'ऑब्लिव्हियन' या खेळातल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढले. किंमत २०० पॉइंट, म्हणजे अडीच डॉलर. मूळ खेळ साठ डॉलरचा. खेळाडूंनी कंपनीची यथेच्छ थट्टा केली. पुढे २००९ च्या एक एप्रिलला कंपनीनेच बाकीच्या पुरवण्यांची किंमत अर्धी आणि चिलखताची दुप्पट करून स्वतःची थट्टा करून घेतली.

पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. त्याच खेळाची 'शिव्हरिंग आइल्स' ही पुरवणी २००७ मध्ये तीस डॉलरला आली आणि तिचे कौतुक झाले. तीत फिरायला अख्खा नवा प्रदेश आणि नवी कथा होती. लोकांना तीस डॉलर खटकले नाहीत, अडीच खटकले. म्हणजे भांडण रकमेचे नव्हते, रकमेच्या बदल्यात काय मिळते याचे होते.

दुसरा वाद २०१२ चा. कॅपकॉम कंपनीच्या 'स्ट्रीट फायटर क्रॉस टेक्केन' या खेळात बारा लढवय्ये पुढे वेगळे विकायचे होते. ते विकलेल्या डिस्कवर आधीपासूनच कुलूपबंद आहेत, हे खेळाडूंनी शोधून काढले. किल्लीची किंमत वीस डॉलर!

आम्ही शासनाच्या बांधकाम खात्यात उपयंत्री आहोत, त्यामुळे हा प्रकार चटकन समजला. करारात नसलेले काम निघाले तर ते 'एक्स्ट्रा आयटम' म्हणून मंजूर होते. पाया खोदताना खडक लागला, तर तो खरा एक्स्ट्रा आयटम. पण एस्टिमेटमधून दरवाजेच वगळायचे आणि इमारत उभी राहिल्यावर ते एक्स्ट्रा म्हणून दाखवायचे, याला खात्यात काय म्हणतात ते उत्सवाच्या स्मरणिकेत लिहीत नाही.

कंपन्यांचीही बाजू आहे. मूळ खेळ पुरा होऊन छपाईला गेला की चित्रकारांच्या हाताला काम उरत नाही. त्या काळात पुरवणी तयार झाली, तर तीही मेहनतच, आणि मेहनतीला मोल हवे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने २०१५ मध्ये 'द विचर ३' काढला, तेव्हा सोळा लहान पुरवण्या फुकट दिल्या. मग दोन मोठ्या पुरवण्या विकल्या, एक दहा डॉलरला आणि दुसरी वीसला. कोणी कुरकुर केल्याचे फारसे ऐकिवात नाही. किरकोळ ते फुकट आणि भरीव ते विकत, एवढा साधा हिशेब लोकांना पटला.

तिसरा प्रश्न मालकीचा. 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ मध्ये आला. युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले. पैसे भरून घेतलेला खेळ पुरवण्यांसकट एकट्याने खेळणेही अशक्य झाले. सीडी निदान कपाटात तरी राहत असे. इथे आपण घेतो ती वस्तू नसते, वापरायची परवानगी असते.

आता चिरंजीवांची मागणी. त्यांना हवी होती 'एज ऑफ एम्पायर्स २'ची 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' ही २०२२ ची पुरवणी. आमच्याच लहानपणीचा खेळ! बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे तीन नवे समूह, शिवाय राजेंद्र चोळ, देवपाल आणि बाबर यांच्या मोहिमा. ज्यांनी ती घेतली नाही, त्यांच्याकडचा जुना भारतीय समूह 'हिंदुस्थानी' नावाने मूळ खेळातच राहिला. अमेरिकेत किंमत दहा डॉलर. आपल्याकडे स्टीम या दुकानात नोव्हेंबर २०१५ पासून भाव रुपयांत दिसतो, त्यामुळे हिशेब समोर असतो.

आम्ही तीन गोष्टी विचारल्या. ही नसेल तर मूळ खेळ अपुरा वाटतो का? किंमत खऱ्या पैशांत लिहिली आहे का? उद्या इंटरनेट नसले तरी एकट्याने खेळता येईल का? तिन्ही उत्तरे बरी आली आणि पुरवणी घेतली. "यात मराठे कुठेत?" ही त्यांची तक्रार मात्र राहिली. खेळ मध्ययुगाचा, शिवाजी महाराजांचा काळ त्यानंतरचा, हे सांगून पाहिले. समाधान झाले नाही. सध्या राजेंद्र चोळाचे आरमार आमच्या बैठकीत रोज संध्याकाळी निघते.

जाता जाता एक. यंदाच्या आनंदमेळ्यात उरलेली कूपने रात्री दहापर्यंत परत घ्यावीत, असा अर्ज आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे. मंजूर झाला, तर काकांचे गेल्या वर्षीचे वीस रुपये आमच्याकडून.