मुंबई एफसी : एका पदावनतीने संपलेला क्लब (२००७–२०१७)

१/ ३० एप्रिल २०१७ रोजी आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा हंगाम संपला. दहा संघांच्या गुणतक्त्यात सर्वांत वर होता मिझोरमचा ऐझॉल एफसी आणि सर्वांत खाली मुंबई एफसी. विजेत्या ऐझॉलचे प्रशिक्षक खालिद जमील हे आदल्या हंगामापर्यंत मुंबईचेच प्रशिक्षक होते. मुंबईची द्वितीय श्रेणीत घसरण झाली आणि त्यानंतर तो क्लब मैदानावर पुन्हा दिसलाच नाही. एका अपयशी हंगामाने दहा वर्षांचा क्लब कसा पुसला गेला, याचा हा धागा.

२/ प्रथम पदावनतीविषयी. इंग्लंडमध्ये १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली. १८९२ साली तिला दुसरी श्रेणी जोडण्यात आली. सुरुवातीला वरच्या श्रेणीतील तळाचे व खालच्या श्रेणीतील अव्वल संघ परस्परांशी निर्णायक सामने खेळत. १८९८ पासून तळाचे संघ आपोआप खाली आणि खालचे अव्वल संघ आपोआप वर, अशी पद्धत आली. पुढे जगभरच्या लीगनी ती स्वीकारली.

३/ या पद्धतीमागे एक गृहीत आहे, जे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. खाली गेलेला संघ तेथेही खेळत राहील, पडत्या काळात त्याचे लोक त्याला सोडणार नाहीत आणि एक दिवस तो पुन्हा वर येईल, हे ते गृहीत. पदावनती ही शिक्षा आहे, अंत नव्हे. मुंबईत हे गृहीत का टिकले नाही, हे समजण्यासाठी शहराच्या फुटबॉलचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

४/ मुंबईत फुटबॉल जुनाच. रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला. आरंभीची अनेक दशके त्यावर ब्रिटिश लष्करी पलटणींचेच वर्चस्व होते. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स आणि १९४० साली कोलकात्याचे मोहम्मेडन स्पोर्टिंग यांनी तो जिंकला. कूपरेजच्या मैदानावरील रोव्हर्सचे सामने ही पुढे कित्येक वर्षे शहरातील मोठी क्रीडाघटना होती.

५/ स्वातंत्र्योत्तर काळात शहराचे नावाजलेले संघ मात्र वस्त्यांचे नव्हते, आस्थापनांचे होते : टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र. खेळाडूला नोकरी मिळे, पगार मिळे, निवृत्तीनंतरची चिंता मिटे. या व्यवस्थेने दोन-तीन पिढ्यांचे फुटबॉलपटू जगवले, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. पण संघाचे आयुष्य व्यवस्थापनाच्या एका निर्णयावर अवलंबून राहिले, ही तिची दुबळी बाजू.

६/ याचे ठळक उदाहरण महिंद्र युनायटेड. १९६२ साली स्थापन झालेल्या या संघाने २००५-०६ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. २०१० साली कंपनीने तो बंद करून शालेय व युवा फुटबॉलकडे लक्ष वळवले. संघ कोठे घसरला नव्हता, हरलाही नव्हता. देशाचे विजेतेपद मिळवलेला संघ चार वर्षांत इतिहासजमा झाला.

७/ याच काळात मुंबई एफसीचा जन्म झाला. २००७ साली राष्ट्रीय लीगच्या जागी आय-लीग आली आणि त्याच वर्षी एस्सेल समूहाच्या पाठबळाने हा क्लब उभा राहिला. नाव कंपनीचे नव्हते, शहराचे होते, हे त्याचे वेगळेपण. इंग्लिश प्रशिक्षक डेव्हिड बूथ यांच्या हाताखाली २००८ साली संघाने द्वितीय श्रेणी जिंकली आणि २००८-०९च्या हंगामात अव्वल श्रेणीत पाऊल ठेवले.

८/ त्या पहिल्याच हंगामात मुंबई टिकली. खाली गेले ते मोहम्मेडन स्पोर्टिंग आणि गोव्याचा वास्को. मोहम्मेडनचे नाव लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा येईल.

९/ २००९ साली संघाची सूत्रे खालिद जमील यांच्याकडे आली. तोवर ते याच क्लबचे खेळाडू होते. २०१६ पर्यंत, म्हणजे सात हंगाम, तेच प्रशिक्षक राहिले. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला इतका अवधी मिळणे दुर्मीळ. मुंबई कधी विजेतेपदाच्या जवळ गेली नाही, पण कधी खालीही गेली नाही. बचाव घट्ट ठेवायचा, बलाढ्य संघांना बरोबरीत रोखायचे आणि हंगामाअखेर आपले स्थान राखायचे, असा तो संघ होता.

१०/ हे स्थैर्य दिसते तितके सोपे नव्हते. कूपरेज क्लबच्या मालकीचे नव्हते. मैदानाचे नूतनीकरण चालू असताना मुंबईच्या संघाला काही हंगाम घरचे सामने पुण्याला, बालेवाडीत खेळावे लागले. शहराचे नाव लावणारा संघ शहराबाहेर खेळत होता. प्रेक्षक जोडण्याच्या वर्षांत प्रेक्षकांपासूनच तो दीडशे किलोमीटर दूर गेला.

११/ २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. त्यात मुंबई सिटी एफसी हा नवा संघ आला. त्याच्या सहमालकांत अभिनेता रणबीर कपूर होता. परदेशी नामवंत खेळाडू, दूरचित्रवाणीवरील झगमगाट आणि पदावनतीची भीती नाही, अशी ती स्पर्धा. एकाच शहरात आता दोन ‘मुंबई’ होत्या आणि प्रायोजकांचे डोळे नव्या मुंबईकडे लागले होते.

१२/ २०१६चा उन्हाळा निर्णायक ठरला. आय-लीगच्या भवितव्याविषयीच्या संदिग्धतेला कंटाळून गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब स्पर्धेतून बाहेर पडले. ऐझॉल एफसीची त्याच हंगामात पदावनती झाली होती, परंतु रिकाम्या झालेल्या जागांमुळे त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. इकडे मुंबई एफसीने जमील यांच्याशी असलेला करार पुढे चालवला नाही. काही महिन्यांनी ते ऐझॉलला गेले.

१३/ त्यांच्या जागी संतोष कश्यप आले. ही निवड अविचारी नव्हती. शिलाँगच्या रॉयल वाहिंगडोहला त्यांनी अव्वल श्रेणीत आणले होते आणि २०१४-१५ साली थेट तिसऱ्या क्रमांकापर्यंत नेले होते. ते मुंबईचे फुटबॉल आतून जाणणारे होते. त्यामुळे एका चुकीच्या माणसाने संघ बुडवला, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

१४/ जानेवारी २०१७ मध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा चित्र आशादायक होते. सुरुवातीलाच विजय मिळाले. त्यानंतर मात्र विजय जणू आटलाच. सामना बरोबरीत सुटे किंवा हातचा जाई. आठवड्यामागून आठवडे गेले, आघाडीला गोल सापडेना आणि पूर्वीचा भक्कम बचावही ढासळला. सात वर्षे ज्या एका गोष्टीवर संघ तगला होता, तीच निसटली.

१५/ हंगामाच्या मध्यावर कश्यप यांना दूर करून स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन यांना आणण्यात आले. स्पोर्टिंग गोव्याचे प्रशिक्षकपद सांभाळलेले असल्याने भारतीय फुटबॉल त्यांना नवखे नव्हते. पण केवळ अठरा सामन्यांच्या लीगमध्ये अर्धा हंगाम गेल्यावर आलेल्या प्रशिक्षकाला नवा संघ घडवता येत नाही. हाती असलेल्यांचे मनोबल सावरणे एवढेच शक्य असते. तेही साधले नाही. मुंबई एफसी प्रथमच खाली गेली.

१६/ तिकडे ऐझॉलने भारतीय फुटबॉलला थक्क केले. ३७ गुण मिळवून त्यांनी ३६ गुणांच्या मोहन बागानला मागे टाकले. शेवटच्या दिवशी शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी पुरेशी ठरली. राष्ट्रीय लीग जिंकणारा हा ईशान्य भारतातील पहिला क्लब. त्या संघात जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीचे माजी खेळाडूही होते. मुंबईने जे सोडले, त्यातून ऐझॉलने विजेतेपद उभे केले.

१७/ यानंतर काय व्हायला हवे होते? मुंबई एफसीने द्वितीय श्रेणीत उतरून पुन्हा वर येण्याची धडपड करायला हवी होती. २००८ साली ती वाट तिने एकदा चढलेलीही होती. पण क्लब द्वितीय श्रेणीत उतरलाच नाही. कामकाज गुंडाळले गेले. पिवळ्या जर्सीत कूपरेजला येणाऱ्या चाहत्यांना त्या निर्णयात मत नव्हते, कारण क्लबचे सभासद असे कोणी नव्हतेच.

१८/ मुंबई एकटी नव्हती. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१४-१५ नंतर आय-लीगमधून नाहीसा झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी याच एका हंगामापुरता खेळला. पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही. तीन वर्षांच्या आत महाराष्ट्रातील चार क्लब राष्ट्रीय लीगमधून गेले. त्यांतला एकच मैदानावरील पदावनतीने गेला; बाकीच्यांचा निर्णय कार्यालयात झाला.

१९/ आता उलट उदाहरणे. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला गोव्याचा धेंपो २०१४-१५ साली खाली गेला. पुढच्याच हंगामात त्याने द्वितीय श्रेणी जिंकली. वर सांगितल्याप्रमाणे त्याने राष्ट्रीय लीग सोडली, तरी गोव्यातील स्पर्धांत तो खेळत राहिला आणि २०२४ साली पुन्हा आय-लीगमध्ये आला. धेंपोमागेही उद्योगसमूहच आहे. म्हणजे दोष केवळ ‘कंपनीचा संघ’ असण्यात नाही. राष्ट्रीय स्पर्धेखाली उभे राहायला गोव्यात स्थानिक लीगची, प्रेक्षकांची आणि परंपरेची जमीन होती.

२०/ आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग. २००९ साली घसरलेला हा क्लब पुढेही वरखाली होत राहिला, आर्थिक ओढग्रस्तीत सापडला, पण कोलकात्याने त्याला मरू दिले नाही. २०२३-२४ साली त्याने आय-लीग जिंकली आणि इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश मिळवला. पदावनतीपासून विजेतेपदापर्यंत पंधरा वर्षे. इतका धीर मालक क्वचितच धरतो. समाज धरू शकतो.

२१/ मुंबईला हा धीर ठाऊक नव्हता असे नाही. तो फुटबॉलच्या वाट्याला आला नाही, इतकेच. महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यातून, कुडपणसारख्या दुर्गम गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला पोट भरायला आली. त्यांनी गावकीच्या खोल्या घेतल्या, ग्रामस्थ मंडळे काढली, वर्गणी गोळा केली आणि त्या वर्गणीतून देवळांच्या जीर्णोद्धारापासून कबड्डी-क्रिकेटच्या संघांपर्यंत सारे चालवले. असा गावचा संघ पहिल्याच फेरीत हरला म्हणून मंडळ बरखास्त होत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी निघते.

२२/ ग्रामस्थ मंडळाच्या वर्गणीवर राष्ट्रीय लीगचा संघ चालणार नाही, हे उघड आहे. व्यावसायिक फुटबॉलला प्रवास, पगार, मैदानभाडे यांसाठी मोठे भांडवल लागते आणि ते उद्योगांकडूनच येते. प्रश्न भांडवल कोणाचे हा नसून, भांडवल काढून घेतल्यावर मागे काय उरते हा आहे. धेंपोमागे गोव्याची लीग उरली, मोहम्मेडनमागे कोलकात्याचे लोक उरले. मुंबई एफसीमागे काही आठवणी आणि एक रिकामा गुणतक्ता उरला.

२३/ पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. मुंबई सिटी एफसीने २०२०-२१ साली इंडियन सुपर लीग जिंकली. आय-लीगमध्ये मुंबईचे नाव पुढे केंकरे एफसीने चालवले. २०२२-२३ साली त्याचीही पदावनती झाली. आणि ज्यांचा करार मुंबईने पुढे चालवला नव्हता, ते खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

२४/ २०१७ साली मुंबई एफसी हरली, हे तिच्या इतिहासातील दुर्दैव नव्हे. दर हंगामात कोणीतरी दहावे येणारच. दुर्दैव हे की अकराव्या वर्षी पुन्हा उभे राहण्याची संधी नियमांनी दिली होती आणि ती घ्यायला क्लबच शिल्लक नव्हता.

(समाप्त)