जपानी सहकाऱ्यांचे इंग्रजी आणि नव्या तंत्रज्ञानाचे शब्द

पुणे हे जपानी भाषेच्या अध्ययनाचे देशातील एक प्रमुख केंद्र मानले जाते. विद्यापीठाचे रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि अनेक खासगी वर्गांतून ही भाषा शिकविली जाते. जपानी भाषा प्राविण्य परीक्षेचे केंद्रही येथे आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेच्या २०१० पासून पाच पातळ्या आहेत. तथापि माहिती तंत्रज्ञान व वाहन उद्योगातील अनेक अभियंत्यांचा जपानी सहकाऱ्यांशी संवाद इंग्रजीतूनच होतो आणि नवे तंत्रज्ञान स्वीकारण्याची चर्चा निघाली, की शब्दांचा घोटाळा नेमका तेथेच होतो.

शब्दांची दोन कुळे

मेइजी काळात जपानने पाश्चात्त्य यंत्रविद्या आत्मसात करताना चिनी चित्रलिपीतून नवे शब्द घडविले. 'देन्वा' म्हणजे वीज आणि बोलणे, अर्थात टेलिफोन. मराठीत 'दूरध्वनी' छापला गेला, पण तोंडी 'फोन'च राहिला. जपान्यांच्या तोंडी मात्र 'देन्वा' रुळला. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेले बहुतेक शब्द थेट इंग्रजीतून घेतले गेले व काताकाना लिपीत लिहिले जाऊ लागले. त्यांचा उच्चार बदलला आणि लांबीही छाटली गेली. पर्सनल कॉम्प्युटरचा 'पासोकोन', स्मार्टफोनचा 'सुमाहो', तर अ‍ॅप्लिकेशनचा 'आपुरी' झाला.

एक शब्द, अनेक प्रतिशब्द

नवी प्रणाली आणण्यासाठी जपानीत 'दोन्यू' हा एकच शब्द सर्रास चालतो. इंग्रजीत त्याचे अर्थ विभागले जातात. 'इंट्रोड्यूस' म्हणजे प्रथमच आणणे, 'अ‍ॅडॉप्ट' म्हणजे विचारपूर्वक स्वीकारणे, 'इम्प्लिमेंट' म्हणजे अमलात आणणे आणि 'रोल आउट' म्हणजे टप्प्याटप्प्याने सर्वत्र पोहोचविणे. 'अ‍ॅडॅप्ट' या शब्दाचा उच्चार 'अ‍ॅडॉप्ट'हून एका स्वरानेच वेगळा. अर्थ मात्र जुळवून घेण्याचा. त्यामुळे 'दोन्यू झाले' या वाक्याचे भाषांतर करताना केवळ निर्णय झाला, की प्रणाली प्रत्यक्ष सुरू झाली, हे विचारून घेणे इष्ट. कामाचे वेळापत्रक त्यावरच अवलंबून असते. रंगभूमी व चित्रीकरणातील प्रत्यक्ष प्रयोगाला 'होन्बान' म्हणतात. संगणक क्षेत्रात तोच शब्द प्रत्यक्ष वापरातील प्रणालीसाठी येतो. इंग्रजीत तिला 'प्रॉडक्शन' म्हणतात.

ओळखीचे, पण फसवे

काही शब्द दिसायला इंग्रजी असले, तरी त्यांचा अर्थ जपानी असतो. 'कुरेमु' हा 'क्लेम'वरून आला असला, तरी त्याचा अर्थ ग्राहकाची तक्रार. 'बाज्योन-आप्पु' म्हणजे इंग्रजीतील 'अपग्रेड'. 'कोन्सेन्तो' म्हणजे संमती नव्हे, तर विजेचा प्लग लावण्याची जागा. सर्वांत धोक्याचा शब्द 'चारेन्जी'. 'आम्ही या प्रणालीला चॅलेंज करू' असे जपानी अभियंता म्हणतो, तेव्हा त्याला आव्हान पेलून प्रयत्न करायचा असतो. ऐकणाऱ्याला मात्र तो आक्षेप वाटू शकतो. उत्साहाने दिलेला होकार असा नकार म्हणून नोंदला जाण्याचा संभव असतो.

दोष एकाच बाजूचा नव्हे

भारतीय इंग्रजीही अशा शब्दांपासून मुक्त नाही. 'प्रीपोन' हा शब्द पुण्यात सर्वांना कळतो. पाठ्यपुस्तकातून इंग्रजी शिकलेल्या जपानी माणसाला तो सहसा ठाऊक नसतो. 'मला एक डाउट आहे' या वाक्यातून आपल्याला शंका विचारायची असते, पण समोरच्याला त्यात अविश्वास जाणवू शकतो. त्याऐवजी 'क्वेश्चन' म्हणणे सुरक्षित.

यावरचा उपाय साधा आहे. प्रकल्पाच्या प्रारंभीच अशा वीस-पंचवीस शब्दांची जपानी-इंग्रजी सूची दोन्ही बाजूंनी मिळून तयार करावी आणि प्रत्येक शब्दापुढे एकच मान्य अर्थ लिहावा. तारीख, टप्पा आणि जबाबदार व्यक्ती यांचा उल्लेख बैठकीच्या टिपणात स्पष्ट असावा. यंत्र नवे असले, तरी ते स्वीकारणारी माणसे आपापल्या जुन्या भाषेतच विचार करतात, याचे भान ठेवले तर निम्मे गैरसमज टळतात.