जुन्या खेळण्यांची पुनर्घडण आणि मालकीचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

जुन्या प्लास्टिकच्या बाहुल्यांचे अवयव सुटे करावयाचे, एकीचे शिर दुसरीच्या धडावर बसवावयाचे, नव्याने रंगकाम करावयाचे आणि चित्रपट, चित्रकथा, दूरचित्रवाणी यांतील पात्रांची सरमिसळ असलेले शिल्प सिद्ध करावयाचे, ही प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुजली. छंदिष्टांच्या या उद्योगात इतिहासाने लक्ष घालावे असे काय आहे, असे सहकारी प्राध्यापक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. परंतु विकत घेतलेल्या वस्तूचा अर्थ उत्पादकाने ठरवावयाचा की खरेदीदाराने, हा वाद या बाहुल्यांच्या निमित्ताने तेथील न्यायालयांपर्यंत गेला. विशेष म्हणजे त्यात फिर्यादी असलेल्या मॅटेल कंपनीचे एक अतिशय यशस्वी खेळणे जुन्या बाहुलीत फेरफार करूनच जन्मास आले होते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा मागोवा घेतला आहे.

सामग्री आणि तंत्र

खेळण्यातून शिल्प घडविण्याची कल्पना तशी जुनी आहे. पाब्लो पिकासोने १९५१ मध्ये आपल्या मुलाच्या दोन खेळण्यातल्या मोटारी तळास तळ लावून जोडल्या आणि त्यातून वानरीचे मस्तक साकारले. पात्रांच्या सरमिसळीस मात्र एकसारख्या मापाच्या बाहुल्या आवश्यक होत्या. केनर कंपनीने १९७८ मध्ये 'स्टार वॉर्स'ची पावणेचार इंची पात्रे बाजारात आणली. हॅस्ब्रोने १९८२ मध्ये आपला 'जी. आय. जो' हा सैनिक, जो १९६४ मध्ये सुमारे बारा इंचांचा होता, त्याच मापात आणला. त्याच्या पाठीत एक स्क्रू आणि आत एक रबरी कडी असे. स्क्रू काढला की दोन सैनिकांचे अवयव सहज परस्परांत बदलता येत. ज्या बाहुल्यांना अशी सोय नव्हती, त्यांचे प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून घेतले जाई. सांधे भरण्यास इपॉक्सी पुट्टी, वर अ‍ॅक्रिलिक रंग. कारागिराचे भांडवल एवढेच!

कंपनी स्वतः काय करीत होती?

१९८० च्या सुमारास मॅटेलमधील रॉजर स्वीट यांनी कंपनीच्याच 'बिग जिम' या बाहुलीस लढाऊ पवित्र्यात चिकटविले, तिच्यावर मातीचे स्नायू चढविले आणि तीन नमुने तयार केले. त्यांपैकी एक रानटी योद्धा होता. त्यातून १९८२ चा 'ही-मॅन' आला. श्रेयाबाबत स्वीट आणि चित्रकार मार्क टेलर यांच्यात मतभेद राहिले. परंतु पद्धत छंदिष्टांचीच होती, हे नाकारता येत नाही. अर्थात 'बिग जिम' कंपनीचा स्वतःचा होता, हा भेद ध्यानात ठेवावयास हवा. पुढे 'कोनन' या पात्राच्या हक्कधारकांनी साम्याच्या कारणावरून दावा लावला, तेव्हा बलदंड योद्ध्याची कल्पना कोणा एकाची नव्हे, हा बचाव मॅटेलला उपयोगी पडला आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात स्वामित्वहक्काचा तो दावा टिकला नाही.

बार्बीचा प्रतिवाद

मॅटेलच्या १९९२ च्या बोलक्या बार्बीच्या वाक्यांत गणिताचा तास कठीण असतो, अशा आशयाचे एक वाक्य होते. त्यावर शिक्षित स्त्रियांच्या संघटनेने आक्षेप घेतला आणि ते वगळण्यात आले. पुढील वर्षी 'बार्बी लिबरेशन ऑर्गनायझेशन' या गटाने बोलकी बार्बी आणि बोलका जी. आय. जो यांची ध्वनियंत्रे परस्परांत बदलून त्या बाहुल्या पुन्हा दुकानांच्या फळ्यांवर ठेवल्या. नाताळात मुलांच्या हाती युद्धघोष करणारी बार्बी पडली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील हे सर्वांत मार्मिक शिल्प होय. कारण त्यात बाहेरून काहीच बदलले नव्हते.

छायाचित्रकार टॉम फोर्साइथ यांनी बार्बीला स्वयंपाकघरातील यंत्रांत बसवून ७८ छायाचित्रे काढली. मॅटेलने १९९९ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. या मालिकेतून त्यांना मिळालेले एकूण उत्पन्न अवघे ३,६५९ डॉलर होते, आणि विक्रीपैकी किमान निम्मी खरेदी मॅटेलच्याच तपासनिसांनी केली होती! डिसेंबर २००३ मध्ये अपील न्यायालयाने ही छायाचित्रे विडंबन असून न्याय्य वापरात मोडतात, असा निर्णय दिला. २००४ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने दावा अवाजवी ठरवून मॅटेलला सुमारे १८ लाख डॉलर वकिली शुल्क व खर्चापोटी देण्यास सांगितले.

येथे एक बाब नजरेआड होऊ नये. फोर्साइथ यांनी छायाचित्रे विकली, बदललेली बाहुली नव्हे. प्रत्यक्ष फेरफार केलेल्या बार्बीचा प्रश्न २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे आला होता. तिला कामुक छळाच्या कथेतील पात्राचे रूप देण्यात आले होते. न्यायालयाने मॅटेलला खटल्यावाचून निकाल देण्यास नकार दिला, कारण नवे रूप मूळ बाहुलीपासून पुरेसे दूर गेले असावे, असे त्यास वाटले. तो आदेश अंतरिम होता आणि कनिष्ठ न्यायालयाचा होता. दोन पात्रे जोडून एक शिल्प विकणाऱ्या कारागिराला आजही आधार शोधावा लागतो तो अशाच आदेशांत.