वृक्षहीन मुलखातील धनुष्य

ज्या मुलखात वृक्ष उगवतच नाही, तेथील माणसाने धनुष्य करावे तरी कशाचे? मॅकेंझीसारख्या नद्यांनी दक्षिणेकडील अरण्यांतून वाहून आणलेले आणि लाटांनी किनाऱ्यास लावलेले स्प्रूसचे ओंडके हीच उत्तर अमेरिकेच्या ध्रुवीय किनाऱ्यावरील इन्युइट लोकांची लाकडाची वखार. आणि तीतील लाकूड इतके ठिसूळ, की नुसता दांडा आकर्ण ओढला तर मोडायचाच. यावर त्यांनी काढलेली तोड मोठी मार्मिक आहे. धनुष्याचे बळ त्यांनी लाकडाकडून काढून स्नायूकडे सोपविले.

कॅरिबू या रानटी रेनडिअरच्या पाठीचा स्नायुबंध वाळवून, त्याचे तंतू सुटे करून, ते वळून आणि विणून केलेली लांबलचक दोरी धनुष्याच्या पाठीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कितीएक फेरे नेली जाई. मग हाडाच्या किंवा वॉलरसच्या सुळ्याच्या आकडेदार सळ्या त्या जुडग्यात घालून पीळ भरीत, आणि तो उलगडू नये म्हणून मध्यावर आवळून गाठी मारीत. आशियातील शृंगधनुष्यांत स्नायू सरसाने चिकटविलेला असतो. येथे सरसाचा थेंबही नाही, म्हणून दमट हवेत सांधा सुटण्याचे भय नाही, आणि पीळ कमीअधिक करून ताण हवा तसा राखता येतो. पॉइंट बॅरो येथे 1881 ते 1883 या काळात राहिलेल्या जॉन मर्डॉक यांनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील अशा धनुष्यांचा अभ्यास करून, या बंधनाच्या पद्धतींवरून त्यांचे प्रादेशिक प्रकार लावून दिले. दांडा न पाहता गाठी पाहणारी ही दृष्टी मला अगदी यथार्थ वाटते.

बाणाचीही तीच तऱ्हा. कॉरोनेशन आखाताकडील लोक निसर्गतः सापडणारे शुद्ध तांबे थंडच ठोकून त्याचे पाते करीत आणि ते शिंगाच्या लांब अग्रदंडात बसवीत. 1853 मध्ये बर्फात अडकून सोडून दिलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' या ब्रिटिश जहाजाचे लोखंडही पुढे त्यांच्या कामी आले. मात्र या धनुष्याचा खात्रीचा पल्ला बेताचाच. म्हणून दगडांच्या राशी मनुष्याकृती रचून, बायकामुलांनी लांडग्यांसारखे ओरडत कळप हाकावा आणि उथळ खड्ड्यांत दबा धरलेल्या धनुर्धरांपुढे आणावा, अशी तजवीज असे.

एवढे हे कसब, पण त्याचे दप्तर कोठेच नव्हते; जे होते ते वृद्धांच्या हातांत. 1818 मध्ये जॉन रॉस यांना वायव्य ग्रीनलंडमध्ये भेटलेल्या इन्युइटांपाशी ना धनुष्य होते ना कायाक ही चामड्याची होडी. साथीत जाणती माणसे दगावली आणि विद्या त्यांच्याबरोबर गेली, अशी त्यांची परंपरागत हकिकत आहे. 1860 च्या सुमारास बॅफिन बेटाकडून कित्लाक नामक मांत्रिकामागून आलेल्या मंडळींनी त्यांना या दोन्ही वस्तू पुन्हा करावयास शिकविल्या. पुढे काही दशकांतच बंदूक आली आणि धनुष्य दुसऱ्यांदा मागे पडले.