घाटावरचा पाऊस आणि पुण्याचा आकडा

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत: बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा घाटावरचा मुलूख, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे पूर्णा नदीच्या खोऱ्यातील घाटाखालचे तालुके. एकाच दिवशी घाटावर पेरणीजोगा पाऊस व्हावा आणि घाटाखाली नुसते ढग भरून यावेत, किंवा नेमके याच्या उलट घडावे, ही येथील नित्याची गोष्ट असल्यामुळे जिल्ह्याच्या सरासरी पावसाला शेतकऱ्याच्या लेखी फारसा अर्थ नव्हता. सरकारला मात्र सरासरीच हवी असे. येथील पर्जन्यमापनाची व्यवस्था या दोन गरजांच्या ओढाताणीत घडत गेली.

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि कापसामुळे या प्रदेशातील पावसाची चौकशी दूरवर होऊ लागली. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. १८७० मध्ये जलंब–खामगाव रेल्वेफाट्याचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले, यावरून त्या कापसाचे सरकारदरबारी असलेले वजन कळते. १८७५ मध्ये हवामान खात्याची स्थापना झाली आणि १९२८ मध्ये त्याचे मुख्य कार्यालय पुण्यास आले. तालुक्याच्या कचेरीतील पर्जन्यमापक, म्हणजे नरसाळे आणि त्याखाली पाणी साठवणारे भांडे, रोज सकाळी ठरलेल्या वेळी उघडून साठलेले पाणी मोजपात्रात ओतले जाई, आकडा कचेरीच्या वहीत चढे आणि त्यानंतर वरच्या कार्यालयांकडे जाई. या रीतीत विलंब होता, कारकुनाच्या हलगर्जीपणालाही वाव होता. परंतु आकडा सर्वांत आधी तालुक्यात माहीत होई आणि तो चुकला असे वाटल्यास ज्याने तो लिहिला त्याच्यासमोर उभे राहून विचारता येई.

पावसाच्या जोडीला पिकाचेही माप होते. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक असे धरून होणाऱ्या आणेवारीची दशमान नाण्यांनंतर पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांहून कमी पैसेवारी ही टंचाईची खूण ठरली. नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरअखेर जाहीर होते. तिच्या पायाशी गावाची पाहणी असली, तरी शिक्कामोर्तब जिल्हाधिकाऱ्यांचे असते. (याच जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घट मांडून दुसऱ्या पहाटे पाऊसपाण्याचे भाकीत सांगितले जाते. त्याला शास्त्रीय आधार नाही. तरीही ते सर्वांसमक्ष वाचले जाते, आणि सरकारी आकड्याबाबत गावकऱ्यांना नेमका तोच अनुभव क्वचित येतो.)

खरा पालट २०१७ नंतर झाला. ‘महावेध’ प्रकल्पात स्कायमेट या खासगी कंपनीच्या सहभागाने राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांत उभी राहिली. मंडळ म्हणजे अनेक गावांचा, तालुक्याहून लहान असा महसुली गट. सौरऊर्जेवर चालणारे हे यंत्र पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजून दर दहा मिनिटांनी मोबाइल जाळ्यातून आकडे थेट मध्यवर्ती संगणकाकडे धाडते. अशा बिनतारी जाळ्याच्या रचनेचे दोन मार्ग संभवतात: प्रत्येक केंद्राने आपले माप जागेवरच दाखवावे, साठवावे आणि शेजारच्या केंद्राशी ताडून पाहावे, किंवा सर्वांनी ते एकाच ठिकाणी पाठवावे आणि निष्कर्ष तेथे निघावा. महावेधने दुसरा मार्ग धरला. त्यामुळे मोजणी तालुक्याहून खाली, शेताच्या अधिक जवळ आली, पण वाचन दूर गेले; कुंपणापलीकडच्या यंत्रात काय नोंदले गेले, हे गावाला आता संकेतस्थळावरून कळते.

हा फरक पैशाचा आहे. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी मानली जाते, आणि फळपीक विम्याची भरपाई हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. वळवाचा पाऊस एका शिवारात कोसळून दुसऱ्याला कोरडे सोडतो, तेव्हा मंडळातील एकुलत्या केंद्राचा आकडा बाकीच्या गावांवर अन्याय करू शकतो.

दुष्काळ ठरवतानाही हाच पेच दिसतो. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, मातीतील ओलावा, उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई अशा निर्देशांकांना महत्त्व दिले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने दुष्काळी ठरवलेल्या ४० तालुक्यांत या जिल्ह्यातील बुलढाणा आणि लोणार हे दोनच होते. तालुक्याच्या मापात न बसलेल्या भागांतून ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस झालेली मंडळे दुष्काळसदृश म्हणून जाहीर करण्यात आली. वरून लावलेला निकष अपुरा पडला आणि दुरुस्ती खालच्या मापानेच करावी लागली.

२०२३ मध्येच केंद्र सरकारने ‘विंड्स’ योजनेतून ग्रामपंचायतनिहाय पर्जन्यमापकाचे धोरण पुढे आणले. यंत्रांची संख्या वाढवणे योग्यच आहे. परंतु प्रत्येक यंत्राची रोजची नोंद त्याच दिवशी पंचायतीच्या फलकावर लावणे आणि तिला हरकत घेण्याची सोय तालुक्यातच ठेवणे, हे त्यासोबत सक्तीचे केले पाहिजे.