जंताचं औषध लागू पडलं का? उत्तर शेणात असतं

वर्सोव्याहून पूर्वेला काही किलोमीटरवर गोरेगावची आरे दुग्ध वसाहत आहे. मुंबईतले तबेले शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये ती उभारली गेली. आता शहरच तिच्या भोवती पसरलं आहे. तबेला असो की गावाकडचा गोठा, जंताचं औषध पाजूनही म्हैस खंगत राहिली की मालक म्हणतो, "औषधात दम नाही," आणि डोस दुप्पट करतो. दुभत्या जनावरात याचा अंश दुधात उतरू शकतो. शिवाय दोष औषधाचाच आहे, हे ठरलेलं नसतं.

ते ठरवायची पद्धत साधी आहे. औषध देण्याआधी शेणातली जंतांची अंडी मोजायची आणि साधारण १४ दिवसांनी त्याच जनावरांची पुन्हा मोजायची. शेण हातमोजा घालून थेट गुदद्वारातून घेतात, कारण जमिनीवरच्या शेणात मातीतले कृमी मिसळतात. ते मिठाच्या दाट द्रावणात कालवलं की अंडी वर तरंगतात. मॅकमास्टर काचपट्टीच्या दोन खणांत मिळून एक अंडं दिसलं, तर नेहमीच्या पद्धतीत ग्रॅममागे ५० अंडी धरतात. सरासरी ४०० वरून २० वर आली तर घट ९५ टक्के. १०० वरच अडकली तर घट ७५ टक्के, म्हणजे प्रतिकाराचा दाट संशय.

गोम अशी की मोठ्या गाई-म्हशींच्या शेणात अंडी मुळातच कमी असतात. आधी दोन दिसली, नंतर एकही नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून पशुपरजीवीतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने २०२३ च्या सुधारित सूचनांत प्रत्यक्ष किती अंडी मोजली, यावर भर दिला. चपट्या यकृतकृमीची अंडी तर या द्रावणात नीट तरंगतच नाहीत. त्यासाठी शेण पाण्यात कालवून तळाचा गाळ तपासतात.

घट कमी दिसली तरी आधी डोस तपासावा. वजन नजरेने ठरवलं की औषध कमी पडू शकतं. छातीचा घेर टेपने मोजणं बरं. रेडकांत उलटं घडतं: काही महिन्यांनी मोठे गोलकृमी आपोआप पडून जातात आणि श्रेय औषधाला मिळतं. औषध न दिलेली दोन-चार रेडकं सोबत तपासली की हा घोटाळा उघड होतो.

फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल या गटासाठी कृमीच्या बीटा-ट्यूब्युलिन जनुकातले बदलही तपासता येतात. आयव्हरमेक्टिनसाठी मात्र अजून भिस्त अंडी मोजण्यावरच आहे.

गोचिडांची तपासणी वेगळी. रक्त पिऊन टम्म फुगलेल्या माद्या गोळा करून त्यांची अंडी उबवतात. बाहेर आलेली पिल्लं औषध लावलेल्या कागदी पुडीत २४ तास ठेवतात आणि मग मेलेली मोजतात.