हवावेग आणि भूवेग

विमानाच्या गतीची दोन मापे. भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो तो हवावेग म्हणजेच एअरस्पीड. जमिनीच्या सापेक्ष असतो तो भूवेग म्हणजेच ग्राउंड स्पीड. दोहोंत अंतर पाडतो तो मुख्यतः वारा.

हवावेग पिटो नळीने मोजतात. समोरून नळीत शिरणाऱ्या हवेचा दाब आणि भोवतालचा स्थिर दाब यांतला फरक काट्यावर नॉटमध्ये उमटतो. पंखांची उचलही याच दाबफरकाशी बांधलेली असल्याने स्टॉल, म्हणजे पंखांची उचल एकाएकी तुटणे, किती जवळ आला, हे जोखायला हाच काटा कामी येतो. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणात पिटो नळ्या बर्फाने तुंबल्या. वेगाचे आकडे फसवे झाले, पुढे विमान स्टॉल होऊन अटलांटिकमध्ये कोसळले आणि २२८ जण दगावले.

सेसना १७२ सारखे छोटे विमान ६५ नॉट हवावेगाने उतरत आहे असे धरू. समोरून १५ नॉट वारा असेल तर भूवेग ५०, पाठीमागून तेवढाच असेल तर ८०. पंखांच्या दृष्टीने काहीच बदललेले नाही; पण धावपट्टीवर जिरवायची गतिज ऊर्जा अडीचपटींहून जास्त होते. म्हणून उड्डाण आणि अवतरण शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन करतात. खरा घात होतो तो कमी उंचीवरच्या वळणात. पाठीवर वारा असताना खालची शेते सपाट्याने मागे पळतात, वेग फार झाला असे डोळ्यांना वाटते आणि वैमानिक नाक उचलतो किंवा थ्रॉटल मागे घेतो. तिथे स्टॉल झाला तर सावरायला उंचीच उरत नाही. अशा वेळी विश्वास काट्यावरच ठेवावा.

लेहचा विमानतळ १०,००० फुटांहून उंच आहे. तिथल्या विरळ हवेत त्याच वेगाला दाबफरक कमी पडतो; म्हणून काट्यावर १३० नॉट असताना प्रत्यक्ष हवावेग १५० च्या आसपास असतो, त्यामुळे वारा नसतानाही धावपट्टी जास्त लागते.

मार्गनिश्चितीत मात्र भूवेगच हवा. २ ऑगस्ट १९४७ रोजी ब्युनोस आयर्सहून सँतियागोला निघालेले ‘स्टार डस्ट’ विमान अँडीजमध्ये तुपुंगातो पर्वतावर आदळले. ११ जण मरण पावले. वरच्या थरातल्या जोरदार प्रतिकूल वाऱ्याने भूवेग घटला, ढगांमुळे तो कळला नाही आणि पर्वतरांग ओलांडली असे समजून विमान खाली आणले गेले, असे सामान्यतः मानले जाते. आता जीपीएस भूवेग थेट दाखवते. तरीही जमिनीवरच्या दोन खुणांमधले अंतर कापायला लागलेला वेळ मोजून भूवेग काढायला शिकाऊ वैमानिकाला शिकवतात, आणि ते शिकवलेच पाहिजे. उरलेले इंधन कुठवर पुरेल याचा हिशेब याच आकड्यावर होतो.